मावशीचं डावं इंजिन

सकाळी आठच्या सुमाराला उड्डाणशाळेच्या दोन इंजिनांच्या विमानाचं डावं इंजिन हवेत बंद पडलं. या विमानाला सगळे मावशी म्हणत. वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. चालवत होती धाकटी, शाळेची विद्यार्थिनी. शेजारी परीक्षक. पहिल्या परीक्षेत तिने घाईघाईत चालू इंजिनालाच मेलेलं ठरवलं होतं. आज या दुसऱ्या परीक्षेत चुकली तर शाळा तिला घरी पाठवणार होती.

मावशीचं नाक डावीकडे ओढलं गेलं. धाकटीने उजवा पाय रेटून ते सरळ केलं.

"डावा पाय रिकामा. डावं इंजिन गेलं."

रिकामा पाय ज्या बाजूचा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. हे आधी बोलायचं, मग हात हलवायचा, ही तिला शिकवणाऱ्या सरांची शिस्त. नापास झाल्यावर ते रागावले नव्हते. त्यांनी घरचा अभ्यास दिला होता. धाकटीने खुर्चीत बसायचं, मोठ्या बहिणीने, म्हणजे ताईने, न सांगता तिचा एक खांदा मागे ओढायचा, हिने उलट्या पायाने जमीन दाबायची आणि इंजिन ओळखायचं. ताई भाजी चिरता चिरता उठून यायची. "लग्न ठरलं की नवऱ्याला आधीच सांग," ती म्हणायची, "खांद्यावर हात ठेवलास तर लाथ बसेल!"

धाकटीने डाव्या इंजिनाची ताकद कमी करून पाहिली. काहीच फरक पडला नाही. खात्री झाली. मग बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला अडू नयेत म्हणून धारेवर वळवून पंखा थांबवणाऱ्या दांड्यावर तिने हात ठेवला आणि थांबली. परीक्षेत दांड्याला नुसता हात लावायचा असतो. परीक्षक 'ठीक' म्हणतात आणि स्वतःच मुद्दाम गप्प केलेलं इंजिन परत चालू करून देतात.

"ओढ की!" परीक्षक म्हणाले.

"खरंच?"

"अगं बाई, मी कशाला हात लावलेला नाही. तुझी मावशीच रुसलीय!"

तिने दांडा ओढला. डावा पंखा थांबला. एकट्या उजव्या इंजिनाने दोघांना धावपट्टीवर आणून सोडलं.

उतरल्यावर तिने आधी त्या उजव्या इंजिनाच्या कोमट झाकणावर तळहात टेकला. सर धावत आले.

"सर, तुमचे उपकार कसे..."

"माझे कसले? पाय तुझे होते. आधी पाणी पी."

फोनवर ताईला तिने एवढंच सांगितलं, "तुझ्यामुळे वाचले गं."

ताई म्हणाली, "रडू नकोस. पास झालीस का?"

ते अजून कोणालाच ठाऊक नाही. निम्मी परीक्षा व्हायची राहिली आहे, आणि दांड्यावर थांबलेला हात चूक धरायचा की नाही, यावर परीक्षकांचं ठरत नाही. दुपारपर्यंत मेकॅनिकने डावं इंजिन उघडलं होतं. बिघाड सापडलेला नाही.