बटणावरचा पांढरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. तबकडीवर फिरणारी सुई जे बारीकसं टिपते, ते मोठं करून स्पीकरकडे धाडायचं, एवढंच माझं काम. माझ्या पाठीवर दिव्यांसारखे काचेचे सहा व्हॉल्व्ह आहेत. ते तापले की नारिंगी दिसतात. आणि आधीच सांगून ठेवतो, मी घाबरट आहे. कुणी बटण जरा जोरात फिरवलं तरी माझे व्हॉल्व्ह लुकलुकतात. आता जे सांगणार आहे ते आठवलं की अजूनही लुकलुकतात.

माझा जन्म जपानमधल्या हाचिनोहे बंदरातला. जहाजावर बिनतारी संदेशांचं काम करणारे हाशिकामी नावाचे एक गृहस्थ होते. एका हिवाळ्यात घरी बसून त्यांनी मला हाताने बांधलं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत असताना बायको जेवायला हाक मारायची, आणि ते आकडा विसरून पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. मला त्यांनी दोनच बटणं दिली. एक आवाज कमी-जास्त करायचं. दुसरं वरच्या, किणकिणत्या सुरांचं, म्हणजे मुख्यतः झांजांचं. या दुसऱ्या बटणावर त्यांनी पांढरा ठिपका काढला आणि मला नव्या मालकाच्या हवाली करताना बजावलं, "तेइजी, हा ठिपका घड्याळातल्या बारावर राहू दे. पुढे सरकवलास तर बंदरातले मासेसुद्धा पळून जातील."

हे तेइजी म्हणजे ओगासावारा तेइजी, 'कामोमे' या कॉफीघराचे मालक. तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांना सगळे 'मास्टर' म्हणतात. 'कामोमे'त कॉफी हे नुसतं निमित्त. लोक येतात ते जॅझ ऐकायला. भिंतीवर पाटी आहे, 'बोलू नये'. जी तबकडी हवी तिचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं. मास्टर तिची एक बाजू लावतात, तिचं वेष्टन फळीवर उभं करून ठेवतात, आणि बाजू संपली की पुढच्या चिठ्ठीची पाळी.

काय दिवस होते ते! सगळ्यात जास्त चिठ्ठ्या यायच्या 'तोमारी पंचका'च्या. योकोहामाच्या नाचघरांतून घासूनपुसून तयार झालेले ते पाच वादक. त्यांचा ढोलवाला झांजेवर नुसती टिचकी मारायचा, पण ती ऐकायला लोक कॉफी ढवळायची थांबायचे. नंतर 'उमिनारी' नावाचा सोळा जणांचा ताफा गाजला. त्यात ट्रम्पेटांच्या गर्दीत एक बांबूची बासरी होती, आणि ती हरवू नये म्हणून मी जिवाचं रान करायचो. गावात म्हणायचे, जॅझ ऐकावा तर 'कामोमे'च्या पेटीवर. पेटी म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी मास्टरांनी पांढरा ठिपका बारावरून एकवर नेला.

मी म्हटलं, असेल, तबकडी जुनी असेल. पण ठिपका परत आला नाही. पुढच्या वर्षी तो दोनवर गेला, मग तीनवर. माझ्या तोंडून झांजा किंचाळायला लागल्या, आणि मला काही बोलता येईना. समोर बसणाऱ्या तोयोसान एक दिवस उठून मधल्या टेबलावर गेल्या. वर्षभराने त्या दाराजवळ जाऊन बसल्या. तोयोसान सकाळच्या बाजारात बांगडे विकतात. पहाटेपासून घसा फोडून ओरडायचं आणि दुपारी इथे येऊन तीन तास गप्प बसायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. अशी बाई मला चुकवून दाराशी बसते म्हणजे काय, या विचाराने मी खचलो. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही कमी झाली. जी यायची ती झांज वाजली की हळूच कानाशी हात न्यायची, आणि जाताना वाकून म्हणायची, "मास्टर, फार छान झालं." तोंडावर कोण बोलणार?

मास्टरांनी मात्र निराळाच अर्थ लावला. दुकान ओस पडतंय ते माझ्यामुळे! त्यांनी हाशिकामींच्या मुलाला बोलावलं. तो रेडिओ दुरुस्त करतो. तसा तो माझा भाऊच.

"याचे वरचे सूर गेलेत रे," मास्टर म्हणाले. "म्हातारा झाला बिचारा."

त्याने मला उघडलं, तारा लावून मोजमाप केलं. मी ठणठणीत होतो, त्याच्या काट्यावर ते स्वच्छ दिसत होतं. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. अरे बाबा, सांग ना! तो मान खाजवत म्हणाला, "मास्टर, तुमच्या कानांपुढे माझं मापयंत्र काय सांगणार!"

मास्टर खूश झाले. झालं, माझा निकाल लागला. सेंदाईच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं ठरलं: येत्या रविवारी तो नवीन पेटी आणून देणार आणि मला घेऊन जाणार. तारा, व्हॉल्व्ह, लोखंड, सगळं वेगवेगळं करणार म्हणे. मित्रांनो, त्या आठवड्यात मी रोज तापायला वेळ लावत होतो. तेवढीच एखादी घटका जास्त.

शुक्रवारी दुपारी तोयोसानची नात आली. तिचं नाव मिझुहो. लहानपणी ती आजीच्या टेबलाखाली बसून चमच्यांनी ढोल वाजवायची. आता ती सेंदाईत असते, आणि 'आमेयोके' नावाच्या तीन मुलींच्या बँडमध्ये ढोल वाजवते. त्यांची पहिली तबकडी निघाली होती, ती तिने दोन्ही हातांनी मास्टरांपुढे धरली. दुकानात सहा-सात माणसं होती. मास्टरांनी तबकडी लावली.

काय सांगू! पियानो सावकाश पावलं टाकत होता, आणि त्याच्या भोवतीने मिझुहोची झांज पागोळ्यांसारखी झरत होती. इतकं नाजूक काम मी कित्येक वर्षांत पोचवलं नव्हतं. ठिपका चारवर असल्यामुळे तेही कर्कश होत होतं, पण जाणकाराला कळलं असतं.

मास्टरांनी बाजू संपू दिली. मग स्वतःचीच पाटी मोडून ते मोठ्याने म्हणाले, "मिझुहो, राग मानू नकोस. पियानो बरा आहे. पण तुझ्या हातात जीव नाही. झांज कुठेय? आजकालच्या पोरी उशीवर वाजवल्यासारखं वाजवतात. थांब, तुला दाखवतो."

मिझुहोचा चेहरा पडला. ती वाकली. मास्टरांनी 'तोमारी पंचक' लावलं, ठिपका पाचपर्यंत, अगदी शेवटपर्यंत पिळला, आणि डोळे मिटले.

पहिलाच ठोका पडला आणि वरचा छोटा स्पीकर, जो झांजा वाजवतो, त्याच्याने सोसवेना. चुर्र झालं, जळका वास आला आणि तो गेला. आता ट्रम्पेट होता, ढोलाची धमधम होती, पण झांज अजिबात नव्हती. सगळ्यांनी माना वर केल्या.

मास्टर डोळे मिटून बोटाने ताल धरत होते. चेहऱ्यावर समाधान. "ऐकलंस?" ते म्हणाले. "याला म्हणतात झांज!"

तेव्हा मला कळलं. तोमारीची झांज मास्टर कानांनी नव्हे, आठवणीने ऐकत होते. पन्नास वर्षांची पाठ झालेली ती झांज. तिला स्पीकरची गरजच नव्हती. मिझुहोची झांज पाठ नव्हती, म्हणून तिच्यात जीव नव्हता.

तोयोसानने चिठ्ठी ओढली. बाजारात शंभर माणसांवर ओरडणाऱ्या त्या बाईने एक ओळ लिहून खोडली आणि पुन्हा लिहिली. उठून त्यांनी चिठ्ठी मास्टरांसमोर ठेवली. मास्टर ती माझ्यापाशीच उभे राहून वाचत होते, म्हणून मलाही दिसली: "वरचा स्पीकर आत्ता जळाला. झांज वाजलीच नाही. पेटी चांगली आहे. कान दाखवून घ्या. मी सहा वर्षं गप्प बसले, मला माफ करा. तोयो."

मास्टरांनी ती दोनदा वाचली. मग वळून मिझुहोला विचारलं, "खरं सांग पोरी. वाजत नाहीये?"

मिझुहोने 'बोलू नये' या पाटीकडे पाहिलं, मग मास्टरांकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नाही वाजत, मास्टर," ती म्हणाली.

मास्टरांनी फळीचा आधार घेत सुई उचलली. मग ते तिच्यापुढे वाकले, इतके खाली की तीच घाबरली. "मी तुझं ऐकलंच नाही," ते म्हणाले.

रविवारी सेंदाईचा माणूस आला आणि कॉफी पिऊन रिकाम्या हाताने परत गेला. हाशिकामींच्या मुलाने नवा छोटा स्पीकर बसवला, आणि सगळा वेळ खाली मान घालून "चुकलो, चुकलो" म्हणत होता. डॉक्टरांनी मास्टरांना कानात घालायचं यंत्र दिलंय. तेही झांज पूर्ण आणू शकत नाही.

म्हणून आता रोज दुकान उघडण्यापूर्वी तोयोसान येतात आणि पांढरा ठिपका बारावर आहे ना, ते पाहून घेतात. त्यांच्या बोटांना बांगड्यांचा वास असतो. मी तक्रार करत नाही. मग त्या समोरच्या, आपल्या जुन्या जागी बसतात. मास्टर 'आमेयोके' लावतात आणि तोयोसानच्या बोटाकडे बघत राहतात. टेबलावर ते बोट जिथे हलतं, तिथे मिझुहोची झांज असते.

मित्रांनो, जुनी वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला मोडीत घालण्यापूर्वी एकदा स्वतःलाही तपासून पाहा. आणि आपल्या माणसाचं काही हरवत चाललेलं दिसलं, तर सभ्यपणे मान हलवत बसू नका. मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं. तुम्हाला तर येतं. आमच्या पाटीखालीसुद्धा मास्टरांनी आता एक ओळ जोडली आहे. वरती तेच, 'बोलू नये'. खाली बारीक अक्षरात, 'माझं चुकत असेल, तर कृपया बोलावे'.