दुसरा जग

"ठोकून बघू द्या. आवाजावरून कळतं, भांडं आतून कसं आहे ते."

मित्रांनो, पस्तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज माझ्या एकुलत्या एका कानात अजून घुमतो. भांड्यांच्या दुकानात एका नव्या नवरीने मला बोटाने टण्ण वाजवून पाहिले आणि घरी आणले. मी एक जुना एनॅमलचा जग आहे. अंग पांढरे, ओठ निळा, पोटात एका लिटरची रेघ. भट्टीत भाजून चढवलेला माझा मुलामा आता तीन ठिकाणी उडाला आहे.

त्या बाईंचा नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. घर माडीवर, दोन खोल्यांचे. संडास खाली, अकरा पायऱ्या उतरून. मास्तर सकाळी मशीनवर बसत ते दुपारीच उठत. गिऱ्हाईक समोर असताना पोटाची हाक ऐकायची कशी? ते ती दाबून ठेवत. पाणीही बेताने पीत. मी भरलेला त्यांच्याजवळ जाई आणि बहुधा भरलेलाच परत येई. दुसऱ्यांची मापे घेता घेता यांचे स्वतःचे माप हरवले, असे बाई म्हणत. पुढे घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

यंदा मला पुन्हा खाली काढले. मास्तरांना दोन महिने शौचातून रक्त जात होते. आतड्यात दुर्बीण घालून पाहायचे ठरले. त्यासाठी आतडे आधी धुऊन निघायला हवे. औषधाची पूड कालवलेले पाणी संध्याकाळी एक लिटर, पहाटे एक लिटर. माझ्या रेघेला पुन्हा भाव आला. लेक रजा काढून आली.

संध्याकाळी मास्तर तोंड वाकडे करत घोट घोट पिऊ लागले. "बाबा, पिताय की मुरवताय?" लेक हसली. कसाबसा मी रिकामा झालो. मग खाली-वर, खाली-वर सुरू झाले. पाचव्या खेपेला मास्तरांचे गुडघे सातव्या पायरीवर अडले. ते भिंत धरून वर आले आणि थेट मोरीत शिरले. नळ बराच वेळ वाहत होता. धुतलेला पायजमा त्यांनी दाराआडच्या खिळ्याला वाळत घातला. तो मी सोडून कुणी पाहिला नाही.

पहाटे बाईंनी दुसरे लिटर कालवून त्यांच्या हाती दिले आणि त्या पाणी तापवायला वळल्या. मास्तरांनी मला मोरीत नेले आणि हळूच ओतून टाकले. ओतण्यासाठीच तर माझा जन्म. पण असे ओतणे कधी इतके जड गेले नव्हते. मग मला उलटा धरून त्यांनी बाईंना दाखवले, एक थेंब नाही. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

दवाखान्यातून सगळे मान खाली घालून परतले. आतडे स्वच्छच नव्हते, म्हणून दुर्बीण अर्ध्या वाटेतून मागे घ्यावी लागली. रक्त कुठून येते ते दिसलेच नाही. आठ दिवसांनी पुन्हा या, असे डॉक्टरांनी सांगितले. नर्सने विचारले होते, लोहाच्या गोळ्या थांबवल्या होत्या का, बियांचे काही खाल्ले का, औषध पूर्ण घेतले का. पूर्ण, असे मास्तरांनी सांगितले होते. मग लेकीचा रोख आईकडे वळला. आदल्या दिवशीचे टोमॅटोचे सूप नीट गाळले होते ना?

त्या दिवसापासून बाई साधे पाणीसुद्धा फडक्यातून गाळू लागल्या. मला घासताना त्यांचे डोळे भरून येत. आपल्या हातून राहिलेल्या चार बियांमुळे यांचे दुखणे आत वाढत राहिले तर?

ओतलेले पाणी वाहून जाते, मित्रांनो. ओतलेले खोटे तुंबून राहते. माझा टवका उडाला की लगेच दिसतो. माणसे आपले टवके झाकतात. घरातल्या मोठ्यांना "प्यायलात का?" एवढेच विचारू नका. "जमतंय का?" असेही विचारा.

आठ दिवस सरले. संध्याकाळी बाई पुन्हा औषध कालवायला बसल्या. पाणी रेघेला भिडले का, ते त्यांनी तीनदा वाकून पाहिले. मग औषधही गाळून घ्यावे म्हणून फडके उचलले. तेवढ्यात मास्तरांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"अगं, तुझ्या सुपात काही नव्हतं. दुसरा जग मी मोरीत ओतला. त्या संध्याकाळी जिन्यातच पायजमा भरला होता माझा. मला आता खालपर्यंत जाववत नाही गं."