सतरंजीवरचा सात नंबर

बाईंनी तेवीस वर्षं लहान मुलांची कार्टून केली. केली म्हणजे चित्रं काढली असं कुणी समजू नये. निर्माती चित्रं काढत नाही. ती चित्रं काढणाऱ्यांना वेळेवर जेवायला उठवते, आवाज देणाऱ्याचा घसा बसला की दुसरा घसा शोधते. 'साळूच्या काट्यांना मुलं घाबरतात' असं चॅनेलने कळवलं की काटे बोथट करून घेते, आणि महिन्याभराने 'आता साळू ओळखूच येत नाही' असं कळवलं की पुन्हा टोकदार करून घेते. एवढं करून कुणी विचारलंच, की तुम्ही नेमकं करता काय, तर तिला धड उत्तर देता येत नाही. बाईंनी उत्तर देणं केव्हाच सोडलं होतं.

साळू म्हणजे सायकलवरून पत्रं वाटणारं एक साळिंदर. नऊ वर्षं वाटत होती. बाईंना आता आंघोळ करतानाही तिच्या सायकलची घंटी ऐकू यायची, आणि ती ऐकून अंगावर काटा यायचा तो साळूपेक्षा टोकदार.

चार सीझन झाले होते, पाचव्यापाशी घोडं अडलं होतं. चॅनेलने साफ सांगितलं होतं, नवा भाग मुलांच्या परीक्षेत पास झाला तर आणखी बावन्न भाग, नाहीतर साळूला रामराम. साळू गेली की स्टुडिओ बंद, आणि अकरा माणसं घरी. त्यातले मास्तर साळूचे मुख्य चित्रकार. एकोणीस वर्षं बाईंच्या जोडीला, वय अठ्ठावन्न, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं? बाईंना रात्रंदिवस त्याचाच घोर.

परीक्षा अशी असते. सतरंजीवर मुलं बसवायची. समोरच्या पडद्यावर कार्टून लावायचं, आणि शेजारी एक छोटा पडदा. त्याच्यावर आवाज नाही, गोष्ट नाही, नुसती चित्रं बदलत राहतात. कुठलं मूल किती वेळा शेजारी बघतं, त्याच्या खुणा एका कागदावर करायच्या. सरासरी दहाच्या वर गेली की नापास. मोठमोठ्या गोष्टींचा निकाल अशा वेळी एखाद्या बादलीच्या फोटोपुढे लागतो, हे कुणाला विचित्र वाटत नाही.

बाकीचे निर्माते काचेपलीकडे खुर्चीत बसायचे. बाई मात्र पहिल्या दिवसापासून मुलांच्या मागे सतरंजीवरच मांडी घालून बसायच्या. मूल कंटाळलं की त्याची पाठ आधी सांगते, असं त्यांचं म्हणणं. आता गुडघे कुरकुरत होते, तरी बसल्या.

खुणा करणारी नेहमीची मुलगी तापाने आजारी पडली होती, म्हणून चॅनेलने एका निवृत्त शिक्षिकेला पाठवलं होतं. जन्मभर हजेरी घेत आलेली. 'सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाच्या खुणा करा' एवढंच तिला सांगितलं गेलं होतं. तिने डोकी मोजली, ओळी आखल्या, आणि पेन्सिलीला टोक काढून तयार झाली.

भाग सुरू झाला. पुढची सहा डोकी पडद्याकडे लागली. साळूचं चाक चिखलात रुतलं तशी एक मुलगी गुडघ्यावर उठून बसली. सगळं झकास चाललं होतं, आणि झकास चाललंय हे पाठमोऱ्या मुलांवरून कळत असल्यामुळे बाईंना पडद्याकडे बघायची गरजच नव्हती. शेजारच्या पडद्यावर एक बादली आली. मग एक जिना. मग उन्हात वाळत घातलेली चादर. चादरीला कुठे जायचं नव्हतं, कुणाला काही शिकवायचं नव्हतं. बाईंना फार बरं वाटलं.

अकरा मिनिटं संपली. शिक्षिकेने कागद आत पाठवला आणि ती मुलांना बिस्किटं वाटायला गेली. बाई उठून काचेपलीकडच्या खोलीत मास्तरांशेजारी आल्या. नुकत्याच येऊन पोचलेल्या चॅनेलच्या मॅडमनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि तोंड आंबट केलं.

"सरासरी अकरा," त्या म्हणाल्या. "नापास. सॉरी."

मास्तरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"खरं तर पहिली सहा मुलं छान आहेत," मॅडम पुढे म्हणाल्या. "सहांच्या मिळून छत्तीस खुणा. पण हा सात नंबर! अकरा मिनिटांत एक्केचाळीस वेळा शेजारी बघितलंय. बघवतच नव्हतं बहुतेक बिचाऱ्याला."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलं सहाच होती.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांना हुश्श झालं. नुसतं गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, कुणाला फोन करायचा नव्हता, खोटंही बोलायचं नव्हतं. दोन मिनिटं तोंड मिटून बसलं की साळू संपली, आणि दोष एका अनोळखी पोराचा. उद्या सकाळी उठून त्यांना कुठेच जायचं नव्हतं. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

मग त्यांची नजर मास्तरांच्या बोटांकडे गेली. खुर्चीवर आवळून पांढरी पडली होती.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "सात नंबर मी आहे."

"म्हणजे?"

"मी सतरंजीवर बसले होते. त्यांनी माझ्याही खुणा केल्या."

शिक्षिकेला आत बोलावलं. "हो, याच की," ती शांतपणे म्हणाली. "मागच्या रांगेत. अजिबात लक्ष नव्हतं."

मॅडमनी बाईंकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि खो खो हसत सुटल्या. मग सगळेच हसले. शरमेने बाईंचे कान तापले, तरी हसायचं म्हणून त्याही हसल्या. ज्या बाईला स्वतःचं कार्टून अकरा मिनिटं बघवत नाही, तिलाच पुढचे बावन्न भाग करायला द्यायचे, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सातवी ओळ खोडली, सरासरी सहा आली. कराराचे कागद पुढे आले, बाईंनी चार ठिकाणी सह्या केल्या.

बाहेर आल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मास्तरही शेजारी बसले.

"एक्केचाळीस?" मास्तर म्हणाले.

"तोंड दाखवायला जागा राहिली नाही हो."

"कधीपासून होतंय असं?"

"दुसरा सीझन संपला तेव्हापासून. पण सोडणार कशी? तुम्ही अकरा जण कुठे गेला असता? तुमचा तर जीव आहे साळूवर."

मास्तर चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"माझा भाऊ मला त्याच्या रोपवाटिकेत बोलावतोय, तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "रोपांना पाणी घालायचं, बस्स. दर वर्षी त्याला सांगतो, पुढच्या वर्षी नक्की. म्हटलं, आपण उठून गेलो तर बाई एकट्या पडतील. बाईंना साळूशिवाय आहे काय!"

बाई पायरीवरच त्यांच्याकडे वळून बसल्या.

"मगाशी मॅडम नापास म्हणाल्या ना," मास्तर हळूच म्हणाले, "तेव्हा मी खुर्ची धरली ती उडी मारू नये म्हणून."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तुम्हीच आधी बोललात, बाई."

वरून कुणीतरी हाक मारली. नव्या सीझनच्या पहिल्या भागाची मीटिंग लगेच घ्यायची होती, सगळे जमले होते. मास्तर आधी उठले आणि त्यांनी बाईंना उठायला हात दिला.