शिवदास तायडे, हजर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी एकतीस वर्षं ती रोज चढलो आणि उतरलो. पूर्व उपनगरातल्या एका मॅजिस्ट्रेट कोर्टात मी, लवू परब, शिपाई होतो. कोर्टाचं नाव सांगत नाही. जे झालं ते कोर्टाने केलं नाही, मी केलं.

पुकारा करणं हे माझं मुख्य काम. जेवणाच्या सुट्टीनंतर वाहतुकीच्या केसेस निघायच्या. सिग्नल तोडला, दिवा लावला नाही, जादा पॅसेंजर भरले, असली किरकोळ प्रकरणं, पण एका दुपारी शंभर-सव्वाशे. मी नाव पुकारायचं, आरोपीने पुढे येऊन "हजर" म्हणायचं. साहेबांनी कागदावरून मान न उचलता विचारायचं, "गुन्हा कबूल?" त्याने म्हणायचं, "कबूल." दंड, शिक्का, पुढचा. एखादा दीडशहाणा "नाही साहेब, सिग्नल हिरवाच होता" म्हणाला की अख्खी रांग त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायची. नाकबूल म्हटलं की साक्षीदार आले, तारखा आल्या, सगळ्यांचाच खोळंबा. म्हणून मी प्रत्येकाला व्हरांड्यातच पढवून ठेवायचो. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याचा मला गर्व होता.

ज्यांना यायला जमायचं नाही, त्यांच्यासाठी दशरथ होता. पूर्वी टेंपो चालवायचा, मग कोर्टाच्या आवारातच रमला. भांडुप-मुलुंडचे रिक्षावाले आपलं समन्स त्याच्या हातात देऊन धंद्याला जायचे. नाव कोणाचंही पुकारलं तरी "हजर, कबूल" दशरथ म्हणायचा. एका दुपारी तो सात-सात माणसं व्हायचा. साहेब मान वर करायचे नाहीत आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचो. कोणाचं नुकसान होत नाही ना, मग झालं, असं माझं म्हणणं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. वर्षअखेर म्हणजे निकाली काढलेल्या केसेसचा आकडा वर पाठवायची घाई. साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, "परब, आज वाहतुकीचं एकही प्रकरण शिल्लक नको." टेबलावर एकशे बेचाळीस कागदांचा गठ्ठा होता.

साडेदहालाच एक बाई व्हरांड्याच्या कोपऱ्यात येऊन उभी होती. पन्नाशीची, धुऊन विटलेलं पण नीट चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात समन्सचा कागद. दुपारपर्यंत ती बसली नाही. मी शेवटी वैतागून विचारलं, "काय बाई, कुठे घोडं अडलंय?"

तिने कागद पुढे केला. शिवदास भीमराज तायडे, राहणार भांडुप. सायकलवर डबल सीट.

"आरोपी कुठाय?"

"माहा पोरगा हाय," ती म्हणाली. "गेला. दसऱ्याच्या आधी. कावीळ झाली, आठ दिवसांत गेला."

मी कागद परत तिच्या हातात दिला. ती बोलायचं ठरवूनच आली होती. तिचं नाव कमल. नवरा भीमराज पूर्वीच वारला होता. शिवदास एकुलता एक, एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला होता.

"दादा, मागं मीच बसली होती. पाय सुजेल होता माहा, दवाखान्यात जायचं होतं. तो म्हने, आई, हवालदार धरंल, आपण थांबत थांबत चालत जाऊ. मीच आयकलं नाही. म्हटलं, बसव रे गुमान." तिने पदराने तोंड पुसलं. "त्याच्या नावावर कधी काही नव्हतं. शाळेतबी कोनी तक्रार घेऊन आलं नाही. साहेबाले सांगायचं हाय, गुन्हा माहा हाय. त्याचं नाव खोडा अन् माहं लिहा."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. असं कुठे होतं का? मी तिला समजावलं, "बाई, कायद्यात असं नसतं. माणूस मयत झाला म्हणून सांगितलंत, तर मृत्यूचा दाखला आणा, पोलिसांचा रिपोर्ट येईल, पुढची तारीख पडेल. चार-पाच हेलपाटे होतील."

"मंग केस राहीन का त्याच्यावर?"

"नाही. मयताची केस बंद होते. गुन्हा लागत नाही."

"मंग येईन की मी," ती लगेच म्हणाली. "कितीबी डाव येईन. मले आता दुसरं काय काम हाय, दादा?"

हे वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं, आत शिरलं नाही. माझ्या डोक्यात एकशे बेचाळीसचा गठ्ठा होता. तारीख पडली की केस शिल्लक राहणार. शिवाय या बाईला पोलीस चौकीच्या चकरा मारायला लावायच्या, त्याही सायकलच्या डबल सीटसाठी! मला खरंच वाटलं की मी हिचं भलं करतोय. म्हटलं, "तुम्ही दाराशी उभ्या राहा. वेळ आली की मी हाक मारतो. तोवर मधे बोलायचं नाही हं."

"बरं, दादा," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

मी आवारात गेलो आणि आमच्या मालवणीत म्हटलं, "दशरथा, हयसर ये रे. एक सायकल आसा, तुझ्या खात्यात घे." कोणाची, काय, काही सांगितलं नाही. दंडाचे पैसे माझ्याच खिशातून दिले.

नव्वदाव्या की एक्याण्णवाव्या नंबरला तो कागद आला. दारात उभा राहून मी पुकारा केला, "शिवदास भीमराज तायडे!" शिरस्त्याप्रमाणे तीनदा. तिसऱ्यांदा नाव घेताना माझ्या हाताच्या अंतरावर कमलबाई उभी होती.

"हजर, साहेब," आतून आवाज आला.

ती गर्रकन वळली. तिचा चेहरा मी पाहिला. एक क्षणभर, फक्त एकच क्षण, त्या चेहऱ्यावर शोक नव्हता. ती टाचा उंचावून माणसांच्या खांद्यांवरून आत बघत होती. मग तिला दशरथ दिसला, पान खाल्लेला, चाळिशीचा, डोक्याला टक्कल पडलेला.

"गुन्हा कबूल?"

"कबूल."

शिक्का पडला. मी पुढचं नाव पुकारलं.

तिने माझ्या बाहीला हात लावला. "दादा, शिवदास म्हनून कोन बोललं ते?"

"झालं तुमचं काम," मी हळूच म्हणालो. "मिटली केस. दंडही भरला. आता यायला नको."

"पन तो मानूस कबूल कसा म्हने? कोनाले विचारून?" तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आता लागला ना गुन्हा त्याच्यावर?"

लागला होता. मेलेल्या पोराला मी कोर्टात हजर करून गुन्हेगार ठरवलं होतं. काही केलं नसतं तर तो निर्दोषच राहिला असता. इतकी साधी गोष्ट, त्या बाईला कळली तेव्हा मला कळली.

"थांबा," मी म्हणालो, "शेवटी बघतो साहेबांशी बोलून."

ती थांबली. उरलेल्या पन्नास केसेस ती दाराशी उभी होती. मी नावं पुकारत होतो आणि तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

पावणेपाचला गठ्ठा संपला. दालन रिकामं झालं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "परब, कोणी राहिलंय?"

कमलबाई उंबऱ्यापर्यंत पुढे आली. मी हाक मारतो म्हणालो होतो ना, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

'एक बाई आहे, साहेब,' एवढंच म्हणायचं होतं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं असतं, कागद परत मागवला असता. आणि मग विचारलं असतं, हजर कोण म्हणालं? दशरथने माझं नाव घेतलं असतं. माझी नोकरी सरकारी, घरी बायको वनमाला, लग्नाच्या दोन पोरी. हे सगळं माझ्या मनात एका श्वासात येऊन गेलं.

"कोणी नाही, साहेब," मी म्हणालो.

साहेब उठले. कमलबाईने तिथूनच त्यांना हात जोडले. मला जोडले नाहीत. मग कठड्याला धरून, सुजलेल्या पायाने एकेक पायरी उतरत ती गेली.