रिकाम्या टाकीतला मासा

फौजदाराच्या अंगावर ठिपके दिसले तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, बारीकसारीक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके, आणि तो पिवळाधमक मासा दगडांना अंग घासत होता. फौजदार हे नाव मास्तरांच्या बायकोने ठेवलेलं, कारण स्वारी दिवसभर टाकीत गस्त घालायची. ती जाऊन वर्ष झालं, गस्त मात्र चालूच होती.

लेक दातांच्या दवाखान्यात कामाला. हाताने हळुवार, जिभेने फटकळ.

"परजीवी झालेत, बाबा. औषध तांब्याचं असतं. ते या टाकीत घातलं तर कोळंबी आणि प्रवाळ मरतील. म्हणून याला माझ्या खोलीत, वेगळ्या डब्यात ठेवते. ही टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. मासाच मिळाला नाही की हे किडे उपाशी मरतात."

"मग मी तुझ्या खोलीत येऊन बघत जाईन."

"नको. तुम्हाला बघवणार नाही," असं म्हणून तिने फौजदाराला आत नेलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

मास्तरांनी हट्ट सोडला. तसा त्यांचा स्वभाव नव्हे, पण या पोरीपुढे भल्याभल्यांचं काही चालत नसे. ती कामाला गेली की ते टाकीसमोर बसत. पंप गुरगुरायचा, पाणी हलायचं आणि पाण्यात कोणी नसायचं. कोळंबी तेवढी कपारीतून मिशा दाखवायची, पण कोळंबीशी माणसाने बोलायचं तरी काय? महिनाभर त्यांनी कसाबसा धीर धरला. मग एका दुपारी उठले, माशांच्या दुकानात गेले आणि पिशवीतून एक इटुकला निळा मासा घेऊन आले. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवून, अगदी रीतसर, त्यांनी त्याला टाकीत सोडलं. फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी लेक आली ती दारातच थबकली. "बाबा, हा कुठून आला?"

"मीच आणला. धडधाकट आहे, दुकानदाराने सांगितलं."

ती टाकीच्या काचेपाशी येऊन बसली. "महिनाभर उपाशी मारत आणलं होतं त्या किड्यांना. तुम्ही आयतं ताट वाढून दिलंत! आता पुन्हा पहिल्यापासून अडीच महिने. फौजदार तोवर त्या डब्यात टिकतोय की नाही, देव जाणे. सांगितलं होतं ना मी?"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. तेवढ्यावर थांबायचं त्यांच्या मनात होतं, पण वर्षभर दाबून ठेवलेलं बाहेर पडलंच. "तुझ्या आईच्या वेळीसुद्धा तुम्ही सगळ्यांनी मला बाहेरच बसवलंत. बघवणार नाही म्हणालात. मी आपला दवाखान्याच्या बाकड्यावर. आत सोडलंत तेव्हा खाट रिकामी होती. ती बघवली, असं वाटलं होय तुम्हाला?"

लेकीचा चेहरा पडला. तिने मायेपोटीच केलं होतं आणि मास्तरांना ते ठाऊक होतं. तरी बोललेलं त्यांनी मागे घेतलं नाही. ती उठली, डोळे पुसले आणि तिने खोलीचं दार सताड उघडलं.

आत प्लास्टिकचा मोठा डबा होता. वाळू नाही, दगड नाही, लपायला नुसता पाइपाचा तुकडा. त्याच्या आडोशाला फौजदार होता. पोट खपाटीला गेलेलं, शेपूट झिजलेली, रंग उडालेला. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते.

"औषध जास्त झालं तर मासा जातो, कमी पडलं तर किडे उरतात," ती म्हणाली. "म्हणून पाणी रोज नळीत घेऊन तपासायचं. तुमच्या त्या नव्या पाहुण्यालाही आता इथेच आणावं लागेल. दुपारची तपासणी कराल तुम्ही?"

"दाखव कशी करायची ते."

तिने स्टूल पुढे सरकवलं. तिचं खरंच होतं, बघवत नव्हतं. मास्तर स्टुलावर बसले आणि बघत राहिले.