लटारूचा टोला

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ सलमानचं झेरॉक्सचं दुकान आहे. सलमानचं हे आपलं म्हणायला. मागच्या अर्ध्या भागात त्याचे वडील सादिकभाऊ अजून ठाण मांडून बसलेले असतात. वह्या दाबायचा एक शिकंजा, दोन सुऱ्या, एक लोखंडी पट्टी आणि खळीचा डबा, एवढा त्यांचा पसारा. वय बहात्तर. बाइंडिंगची महिन्यात चार कामं आली तर आली, पण माणूस सकाळी नऊच्या ठोक्याला जागेवर हजर. समोर मशीन खटाखट पानं ओकत असतं आणि सादिकभाऊ त्याच्याकडे नव्या सुनेकडे सासूने बघावं तसे बघत असतात.

त्यांच्या हाताला एके काळी मोठं नाव होतं. कागद कितीही कुरतडलेला असो, सादिकभाऊंनी कड मारली की ती अशी सरळ की बोट फिरवत राहावं. "कड पाहा," ते गिऱ्हाइकाला म्हणत, "नजर घसरून पडेल." त्यात खोटं काही नव्हतं. पण या कडेचा त्यांना गर्व जरा जास्तच होता, आणि पुढे जे झालं ते त्या गर्वापायीच झालं, हे आधीच सांगितलेलं बरं.

एप्रिलच्या सुरुवातीला एक मुलगी दुकानात आली. दिव्यानी तिचं नाव, गडचिरोलीला भूगोल शिकते. तिला एका जुन्या नकाशाची मूळ मापातली मोठी रंगीत प्रिंट हवी होती. सलमानने प्रिंट काढून काउंटरवर पसरली, आणि मागे बसलेले सादिकभाऊ चष्मा पुसत उठले. प्रिंटमध्ये दिसत होतं, मूळ नकाशाला पाठीमागून कापड लावलेलं होतं आणि त्या कापडाला चारी बाजूंनी लाल फीत शिवलेली होती. कोपऱ्यात फीत दुमडायची ती पद्धत अख्ख्या जिल्ह्यात एकट्या त्यांचीच.

"हा कुठचा नकाशा, बेटा?"

"आमच्या गावचा, चाचा. चेक वाघोडी, तालुका पोंभुर्णा. शंभर वर्ष जुना आहे. मी फोटो काढून आणला." मुलगी बोलकी होती. "आपला तालुका शंभर वर्षात कसा बदलला, ते मी पाहून राह्यली. जुने नकाशे आजच्या उपग्रहाच्या फोटोवर ठेवून पाहायचे. थांबा, दाखवते."

तिने लॅपटॉप उघडला. जुन्या नकाशात चौदा तलाव होते, आज सहा उरलेत. मूलकडे जाणारी बैलगाडीची वाट आता कुणाच्या तरी धानाच्या बांध्यांत बुडालेली होती. जिथे शेती तिथे साग, जिथे जंगल तिथे सोयाबीन. मृत माणसाच्या कपाटातलं सामान दाखवावं तसं ती एकेक दाखवत होती, आणि सादिकभाऊ हं हं करत होते.

"आणि ही गंमत पाहा. हे आमचं गाव, हे वरतं शेजारचं. दोघांच्या हद्दी एकमेकीले लागाले पाहिजे ना? नाई लागत. मधात ही पांढरी पट्टी उरते. दोन्ही गावांत नाई ती. सर म्हणतात, जुना कागद आहे, आकसला असन."

सादिकभाऊंचा हात काउंटरवरच थांबला. कागद आकसतो तो चारही बाजूंनी आकसतो. एकाच बाजूने, तोही दोन बोटं, सुरीनेच कमी होतो. हे त्यांच्याइतकं चांगलं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हो," ते म्हणाले, "आकसतो कागद."

मुलगी हसली. "मले वाटलं होतं, तिथी माह्या आज्याचा टोला सापडन."

मग तिने तेही सांगितलं. तिचा आजा लटारू. त्याचं म्हणणं, गावाच्या उत्तरेला जंगलात एक टोला होता, नऊ घरांची वस्ती. तो सात वर्षांचा असताना एका उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. त्यात त्याची माय गेली. जाळायला माणसं उरली नव्हती म्हणून तिला तिथेच मोहाच्या झाडाखाली पुरलं. उरलेसुरले लोक खाली गावात आले, टोल्यावर जंगल चढलं. एक्क्याण्णव साली जमिनीची मोजणी झाली तेव्हा लटारू पुढे होऊन म्हणाला, आमचा टोलाही मोजा. नकाशा उघडला. नकाशात टोला नव्हता, आणि साक्षीला टोल्यावरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. सगळं गाव हसलं.

"तेव्हापासून गावात कोणी फेकाफेकी केली का म्हणतात, लटारूचा टोला सांगून राह्यला. आता तर आजाच म्हणते, मले भास झाला असन. लहान होतो, तापात काहीबाही पाह्यलं असन."

तिने प्रिंट गुंडाळली, सलमानकडे नंबर लिहून दिला आणि गेली. सादिकभाऊंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

त्यांना सगळं आठवत होतं, हीच तर पंचाईत होती. सत्त्याऐंशी साल. एका सरकारी दप्तरातले साहेब जुन्या गावनकाशांचा गठ्ठा घेऊन आले होते. कापड लावा, साफसुथरे करा, आणि आमच्या कपाटाच्या खणात बसतील असे करा. एका नकाशाची वरची कड वाळवीने खाल्लेली होती. ती तशी ठेवूनही कापड लावता आलं असतं. पण खण दोन बोटं लहान पडत होता, आणि ती कुरतडलेली कड सादिकभाऊंच्या डोळ्यांत सलत होती. त्या कडेवर शाईचे बारके चौकोन होते, एक गोल होता, काही अक्षरं होती. ती त्यांनी पाहिली. जंगलच तर आहे, कोण विचारणार, असं मनाशी म्हणून लोखंडी पट्टी ठेवली आणि सुरी ओढली. साहेबांनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, वा! ते वा सादिकभाऊंनी आजवर शंभर जणांना तरी सांगितलं असेल.

पंधरा दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मुलीचा नंबर दुकानात भिंतीवर चिकटवलेला होता, तिकडे पाठ करून बसायचे. शेवटी एका सकाळी बायकोने, कनीजबींनी, समोरचं ताट उचललं आणि दार लोटून घेतलं. "जेवण जात नाही, झोप नाही. काय केलंत ते सांगा."

घरात दोघांचं बोलणं हिंदीतलं. इथे आपल्या मराठीत. सादिकभाऊंनी सांगितलं. कनीजबी ऐकून घेत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "ती पट्टी फेकली होती?"

"जाड विलायती कागद होता. असला कागद कोण फेकतं? पुठ्ठ्याच्या पाठीला आतून अस्तर लावायला..." एवढं बोलून ते थांबले.

दोघांनीही एकाच वेळी स्वयंपाकघराच्या फळीकडे पाहिलं. तिथे कनीजबींची वही होती. सत्त्याऐंशीतच त्यांनी हट्ट धरला होता, की जगाच्या वह्या बांधता, माझी एक मजबूत बांधून द्या. चाळीस वर्षांच्या जवळपास आली ती वही. सालन, बिर्याणी, पोरांच्या खोकल्याचे काढे, सगळं तिच्यात होतं. पाठ अजून तशीच ताठ होती.

"उघडली तर पानं सुटतील," सादिकभाऊ म्हणाले. "आता माझ्या हातून पुन्हा बांधली जाणार नाही."

कनीजबींनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि वहीची पाठ स्वतःच वाफेवर धरली. खळही कनीजबींच्याच हातची होती; मोरचूद घातलेली, पक्की. सुटता सुटत नव्हती. अर्ध्या तासाने कापड सैल झालं आणि त्याखालून पिवळा पडलेला कागद वर आला. दोन बोटं रुंद. नऊ चौकोन, एक गोल, एका झाडाची खूण. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वारलूटोला.

"माझ्या बिर्याणीच्या पाठीत इतकी वर्षं एक गाव होतं," कनीजबी म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

सादिकभाऊ म्हणाले, "सलमानला सांगतो. फोटो काढून त्या पोरीला पाठवून देईल."

"फोटोने कापली होती का?" कनीजबींनी विचारलं. "हातानं कापलीत, हातानंच नेऊन द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते पोंभुर्ण्याला उतरले. दिव्यानी स्कूटी घेऊन उभी होती. फोनवर त्यांनी फक्त भेटायचं आहे एवढंच सांगितलं होतं. स्टँडवरच्या बाकावर त्यांनी तिला पट्टी दिली. तिने पिशवीतून प्रिंट काढली, वरच्या कडेला पट्टी लावली. वाळवीची तीन भोकं खालच्या अर्ध्या भोकांशी नेमकी जुळली. तिचा चेहरा फुलला, आणि मग हळूहळू बदलला.

"चाचा, त्या दिवशी तुमी म्हणाले, कागद आकसतो."

"हो."

"तुमाले मालूम होतं."

"मालूम होतं, बेटा."

तिने नकाशा गुंडाळला. पट्टी सादिकभाऊंच्या हातात परत दिली आणि त्यांना मागे बसवून स्कूटी थेट चेक वाघोडीकडे काढली.

लटारू अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू, पाय सुजलेले. त्याच्या सुनेने, दिव्यानीच्या आई कमळाबाईने, पाहुण्याला पाणी दिलं. सादिकभाऊंनी बसमध्ये बोलणं पाठ केलं होतं, त्यातला आता एक शब्दही आठवेना. मग त्यांनी लटारूचं बोट हातात धरलं आणि पट्टीवर ठेवलं.

"लटारूभाऊ, मी चंद्रपूरचा सादिक. तुमच्या गावचा नकाशा मी कापला होता. हा त्यातला तुकडा. याच्यावर टोला आहे. वारलूटोला लिहिलंय."

लटारूने पट्टीवरून बोट फिरवलं. "वारलू माहा आजा," तो म्हणाला. मग विचारलं, "हीर कुठी आहे?"

सादिकभाऊंनी त्याचं बोट विहिरीच्या गोलावर नेलं.

"मंग उगवतीकडं मोह असन."

"आहे. झाडाची खूण आहे."

"घरं किती?"

सादिकभाऊंनी मोजली. "नऊ."

"हे चैतूचं," लटारू बोट सरकवत म्हणाला. त्याला दिसत काहीच नव्हतं. "हे सीताकाकीचं. हे आमचं, हिरीपासचं." बोट तिथेच राहिलं.

"आजा!" दिव्यानीला राहवलं नाही. "आता साऱ्या गावाले दाखवू. तू खोटं बोलत नोता!"

पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

"दरसाल अखजीले, आमच्या पितराच्या सणाले, मी मायले घास देत होतो," तो सादिकभाऊंना म्हणाला. "पानावर भात, पन्हं. मोहाखाली ठेवून येत होतो. मंग मोजणी झाली. सरकारचा कागद आहे जी, तो खोटा काऊन राहीन? तरी तीन-चार वर्ष गेल्लो. लोकं हासत. मंग मलेच वाटाले लागलं, आपण रिकाम्या झाडाले घास घालून राह्यलो. माय कुठी मेली, कुठी पुरली, मलेच भरोसा नाई राह्यला. बंद केलं. तीस वर्ष झाले, भाऊ. तीस अखज्या माय उपाशी राह्यली. मी जित्ता असतानी."

कमळाबाईने पदर तोंडाला लावला. सादिकभाऊंना वाटलं, याने आपल्याला शिव्या द्याव्यात, काठी उचलावी. लटारूने तसं काही केलं नाही. त्याने फक्त विचारलं, "कापलं तवा दिसलं नोतं काय जी तुमाले?"

नाही म्हणता आलं असतं. वाळवी लागली होती, अक्षरं पुसट होती, असं काहीही म्हणता आलं असतं, आणि आंधळ्या माणसाने ते मानलंही असतं.

"दिसलं होतं," सादिकभाऊ म्हणाले.

"मंग?"

"कपाटाचा खण लहान होता."

लटारूने मान हलवली. खण लहान होता, हे त्याने एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग कमळाबाईला हाक मारून म्हणाला, "पानात भात बांध. चूल झाली ना?"

"अखजी अजून आठ दिवसानं आहे, मामाजी."

"आणखी आठ दिवस तिले नको थांबवू."

भात बांधून झाला. दिव्यानीने फोनवर जागा काढली. इथून दोन किलोमीटर, सागाच्या आतून. लटारू बाजेवरून उठायला गेला, पण पाय टेकवताच पुन्हा बसला. दोनदा उठून पाहिलं. मग त्याने ती पळसाच्या पानांची पुडी मांडीवर घेतली आणि अंदाजाने सादिकभाऊंच्या दिशेने पुढे केली.

"तुमीच जा जी," तो म्हणाला. "इतके दिवस ती जागा तुमालेच मालूम होती."

सादिकभाऊंनी दोन्ही हात पुढे केले. भात गरम होता. त्यांनी पुडी छातीशी धरली आणि दिव्यानीच्या मागे, मान खाली घालून, चालायला लागले.