वैऱ्याचा सवाल

१९५५ साली भिमाजी विषमज्वराने गेला आणि त्याचे वडील अर्जुनराव यांनी अंथरूण धरलं. एकुलता एक मुलगा. पिंपळे गुरव गावची माणसं यायची, 'देवाची मर्जी' म्हणायची, चहा पिऊन जायची. अर्जुनराव भिंतीकडे तोंड करून विचारायचे, "मग मला कशाला ठिवलं?"

अखेर त्यांची बायको शालनबाई नानासाहेबांकडे गेली. नानासाहेब निवृत्त शिक्षक, पुण्यात तत्त्वज्ञान शिकलेले. जगण्याला वैतागलेली माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. ते उपदेश करत नसत, नुसते प्रश्न विचारत. पण गावचं गायरान कारखान्याला द्यावं असं ते सभेत बोलले, तेव्हापासून अर्जुनराव त्यांना पाण्यात पाहत.

"तुमी आलात तर ते चिडतील," शालनबाई म्हणाली. "पन उठून तरी बसतील."

नानासाहेब दारात दिसताच अर्जुनराव खरंच उठून बसले.

"मजा बघाया आलाय?"

"तुमचा प्रश्न ऐकायला आलोय."

"मी का उरलो? द्या उत्तर!"

"भिमाजी असताना कशासाठी जगत होतात?"

"त्याच्यासाठी."

"मग गायरानापायी माझी गचांडी धरलीत, ती कुणासाठी?"

"गावच्या गुरांसाठी!"

"गुरं अजून आहेत."

अर्जुनरावांनी उशाचा तांब्या फेकून मारला. नानासाहेबांची भुवई फुटली.

"माझं पोर आन् गुरं एका तागडीत घालतोस?"

"वेगळी कशी, ते उद्या येऊन सांगा," रक्त पुसत नानासाहेब म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी भाकरी मागून खाल्ली आणि तडक नानासाहेबांचा ओटा गाठला. मग रोजच जाऊ लागले. भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं.

एकदा नानासाहेबच हळवे झाले. "हळूहळू विसर पडेल, अर्जुनराव."

"हे सांगाया गावात मान्सं कमी हायेत व्हय? सवाल इचार, न्हाईतर मी चाललो."

नानासाहेब ओशाळले. मग त्यांनी विचारलं, "'का उरलो' हे तुम्ही नक्की कुणाला विचारताय? मला? देवाला?"

"भिमाजीला," अर्जुनराव म्हणाले. "न सांगता गेला भडवा." आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ते हमसून रडले. नानासाहेबांनी पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकून टाकला.

त्या आठवड्यात अर्जुनराव शेतात गेले. पुढच्या सभेत गायरानाचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत आधी नानासाहेबांच्या अंगावर तेच धावून गेले.